बारा वर्षांपर्यंत अक्षरओळख नसलेल्या राजाने कारागिरांसाठी सरकारी संस्था काढली, पण पुरेसे विद्यार्थीच मिळेनात

तीन महिन्यांचा फ्री कोर्स, शेवटी सरकारी सर्टिफिकेट आणि वर प्लेसमेंटचं आश्वासन. गावातल्या चौकात, एसटी स्टँडवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर अशी एक तरी जाहिरात तुम्ही पाहिली असेलच.

२०१५ पासून प्रधानमंत्री कौशल विकास योजना आहे. आयटीआय तर त्याच्याही कितीतरी आधीपासून आहेत. या सगळ्या स्कीमना कायम विचारले जाणारे तीन प्रश्नही ठरलेले आहेत. कोर्स फुकट असला, तरी गरिबाच्या पोराने रोज बुडवून शिकायला का यायचं? शिकवणार कोणत्या भाषेत? आणि शिकल्यावर कामावर घेणार कोण?

हे तिन्ही प्रश्न एका मराठी राजासमोर १८९० च्या सुमारासच येऊन उभे राहिले होते. त्या राजाचं नाव महाराजा सयाजीराव गायकवाड.

सयाजीराव म्हटलं की आपल्याला काय आठवतं? लक्ष्मी विलास पॅलेस, सक्तीचं शिक्षण, बाबासाहेबांना दिलेली शिष्यवृत्ती आणि दिल्ली दरबारात इंग्रज बादशहापुढे नीट न वाकलेला राजा. पण हाताने काम करणाऱ्या माणसाला सरकारने स्वतःच्या खर्चाने शिकवावं, यासाठी त्यांनी केलेली धडपड फारशी कुणी सांगत नाही. कदाचित ती पहिल्या झटक्यात फसली म्हणूनही असेल.

सुरुवात करायची तर नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यापासून करावी लागेल.

तिथलं कवळाणे हे गाव. ११ मार्च १८६३ ला या गावात काशीराव गायकवाडांच्या घरी गोपाळचा जन्म झाला. आडनाव गायकवाड असलं तरी राजवाड्याशी रोजचा काही संबंध नव्हता. घर शेतकऱ्याचं आणि पोरगं रानात वाढलेलं. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

तिकडे बडोद्यात भलतंच नाट्य सुरू होतं. गादीवर असलेल्या मल्हारराव गायकवाडांवर इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर याला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप झाला. चौकशीसाठी कमिशन बसलं. त्यातले तीन इंग्रज सदस्य एका बाजूला आणि तीन हिंदी सदस्य दुसऱ्या बाजूला, असा निकाल आला. इंग्रज सरकारने मग विषाचा मुद्दा बाजूला ठेवला, राज्यकारभार वाईट असल्याचं कारण दिलं आणि एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं.

आता गादीवर कोण? आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. घराण्याच्या लांबच्या शाखांमधून मुलं शोधली गेली आणि कवळाण्याहून तीन पोरं बडोद्याला आणली. तुम्ही इथे कशासाठी आलात, असं तिघांना विचारल्यावर गोपाळने राज्य करायला आलोय असं सांगितलं, हा किस्सा बडोद्यात आणि महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या सांगितला जातो. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

गादी मिळाली, पण राजाला सहीसुद्धा करता येत नव्हती. त्यामुळे बडोदा सरकारने पुढची सहा वर्षं या एका मुलाच्या ट्रेनिंगवर खर्च केली. एफ. ए. एच. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून आले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा एकाच वेळी सुरू झाल्या. सोबत घोडेस्वारी आणि कुस्ती होतीच. शेवटी शेवटी दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्य कसं चालवायचं यावर त्यांना व्याख्यानं दिली. ती पुढे पुस्तकरूपानेही आली.

म्हणजे बघा, सरकारी खर्चाने शून्यापासून तयार झालेला बडोद्यातला पहिला मोठा विद्यार्थी खुद्द राजाच होता. २८ डिसेंबर १८८१ ला त्यांच्या हातात पूर्ण अधिकार आले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. शिकवलं तर माणूस कुठून कुठे जातो, हे त्यांना दुसऱ्या कुणी पटवून द्यायची गरज नव्हती.

त्यांच्या हातात आलेलं राज्य कसं होतं?

बडोदा संस्थान एका सलग तुकड्यात नव्हतं. बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली असे प्रांत गुजरात-काठियावाडमध्ये विखुरलेले होते. राजघराणं मराठी, प्रजा गुजराती. या प्रजेत हाताने कमाल करणारे लोक होते. पाटणचे पटोळे विणणारे कारागीर याच संस्थानातले, संखेड्याचं लाकडावरचं लाखेचं रंगकाम करणारेही इथलेच. शिवाय गावोगावी विणकर, रंगारी, सुतार, लोहार होतेच.

पण बाजार बदलला होता. मँचेस्टरच्या गिरण्यांचं स्वस्त कापड आलं होतं. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्याही सुरू झाल्या होत्या. हातमागावर बसणाऱ्याचं पोट भरेना.

सयाजीरावांनी आधी सरळ रस्ता घेतला. सरकारनेच कारखाने काढायचे. बडोद्यात सरकारी पैशातून कापडगिरणी निघाली. नवसारी प्रांतात गणदेवीला साखर कारखाना काढायचा प्रयत्न झाला. साखर कारखाना फसला आणि गिरणीही शेवटी खाजगी मालकांकडे गेली. यंत्र विलायतेहून मागवता येतं, पण ते चालवणारा, दुरुस्त करणारा आणि मालाचा दर्जा राखणारा माणूस कुठून मागवायचा? हिंदुस्थानातल्या गिरण्यांमध्ये वरच्या तांत्रिक जागांवर तेव्हा मोठ्या प्रमाणात इंग्रज माणसं असायची. त्यांचा पगार वेगळा, बडदास्त वेगळी.

इथे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांची एंट्री होते.

गज्जर सुरतचे. जन्म १८६३ चा, म्हणजे राजाचे बरोबरीचे. घर सुतार समाजातलं. लाकूड, करवत, रंधा हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. पण शिकले रसायनशास्त्र, तेही एम. ए. पर्यंत, आणि बडोदा कॉलेजात प्राध्यापक झाले. कारागिराच्या घरात जन्मलेला आणि प्रयोगशाळेत तयार झालेला असा माणूस त्या काळात विरळाच.

गज्जरांच्या डोक्यात एक मोठी योजना होती. कारागिरांच्या मुलांना त्यांच्याच धंद्यातलं विज्ञान शिकवणारी संस्था काढायची आणि ती त्यांच्याच भाषेत चालवायची. ही योजना महाराजांना पटली. १८९० मध्ये बडोद्यात संस्था सुरू झाली, नाव ठेवलं कलाभवन. खर्च संस्थानाचा.

चित्रकला, सुतारकाम, इमारतीचं काम, यंत्रकाम, कापड रंगवणं आणि छापणं असे विषय होते. यात गज्जरांचा जीव रंगकामात. आणि त्याला कारण होतं.

आपल्याकडचा रंगारी पिढ्यान्पिढ्या मंजिष्ठाच्या मुळापासून लाल रंग काढायचा आणि निळीच्या झाडापासून निळा. रंग कापडाला धरावा म्हणून तुरटी आणि हिरडा वापरायचा. पाणी किती गरम, कापड किती वेळ बुडवायचं, हे सगळं हाताच्या अंदाजाने चालायचं. बाप पोराला शिकवायचा, कागदावर काही नाही.

मग १८६९ मध्ये मंजिष्ठासारख्या मुळांमधलं लाल रंगद्रव्य डांबरातल्या रसायनापासून कृत्रिमरीत्या तयार करण्याची युक्ती सापडली आणि जर्मन कंपन्यांनी जगाचा बाजार ताब्यात घेतला. १८९७ मध्ये कृत्रिम नीळही बाजारात आली. हे रंग स्वस्त होते, पण त्यांना अंदाज चालत नाही. वजन, तापमान आणि वेळ मोजून घ्यावी लागते. जुन्या सवयीने वापरले तर पहिल्याच धुण्यात कापडाचा रंग उतरतो आणि शिव्या रंगाऱ्याला बसतात.

म्हणजे रंगारी अडाणी होता असं नाही. त्याला येत असलेली विद्या एका रात्रीत बाजाराच्या कामाची राहिली नव्हती. आज मोबाईल रिपेअरिंग करणाऱ्याला किंवा डिझेल गाडीच्या मेकॅनिकला इलेक्ट्रिक गाडी समोर आल्यावर जे वाटतं, तसंच काहीसं. नव्या मालाची नवी विद्या त्याच्यापर्यंत पोचवायची कुणी, हा प्रश्न होता आणि कलाभवन हे त्याचं उत्तर होतं.

आता भाषेचं बघू.

मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय सुरू झाली होती. संस्था चांगलीच, पण इंग्रजी येत नसलेल्या रंगाऱ्याच्या पोराला तिचा काय उपयोग? कलाभवनात शिकवणं गुजरातीतून ठेवलं. लगेच पुढची अडचण आली, ती म्हणजे पुस्तकं कुठायत? यंत्रशास्त्र, रसायन, रंगशास्त्र यांचे शब्दच गुजरातीत नव्हते.

महाराजांनी त्यासाठी पन्नास हजार रुपये मंजूर केले. त्या काळातले पन्नास हजार. या पैशातून तांत्रिक विषयांवरची गुजराती पुस्तकं तयार करायची योजना आखली गेली. ग्रंथमालेला नाव दिलं सयाजी ज्ञानमंजूषा. पारिभाषिक शब्दांचा कोश तयार करण्याचं कामही गज्जरांनी अंगावर घेतलं. शिवाय रंगकामाची माहिती देणारं एक नियतकालिकही त्यांनी काढलं, नाव होतं रंगरहस्य.

गुजरातीला आपली भाषा न म्हणणाऱ्या राजघराण्याने गुजराती तांत्रिक शब्दांसाठी तिजोरी उघडली, ही गोष्ट वाटते तेवढी छोटी नाही.

सगळं जुळून आलं होतं. पैसा होता, राजाची इच्छा होती, गज्जरांसारखा माणूस होता, भाषाही लोकांची होती.

आणि तरीही गाडी अडली.

कलाभवनाला अपेक्षेएवढा प्रतिसाद मिळाला नाही. इतका कमी, की काही काळ संस्थेचा पसारा आवरता घ्यावा लागला. कारणं समजायला अवघड नाहीत. विणकराचं दहा वर्षांचं पोर घरात हातभार लावत असतं, त्याला शाळेत पाठवणं म्हणजे घरातला एक कमावता हात कमी करणं. ज्यांना हे परवडत होतं, त्या पांढरपेशा घरांना पोरगा कारकून व्हायला हवा होता. करवत धरायला शिकवणाऱ्या शाळेत त्याला पाठवण्यात त्यांना कमीपणा वाटायचा. शिवाय शिकून बाहेर पडलेल्याला संस्थानात कामावर घेणारे कारखाने तरी किती होते?

योजनेचे जनक गज्जर १८९६ मध्ये बडोदा सोडून मुंबईला गेले आणि विल्सन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. त्यांच्या डोक्यातलं पूर्ण चित्र कधीच उभं राहिलं नाही.

मुंबईत मात्र त्यांनी असं एक काम केलं की सगळ्या शहराने त्यांचं नाव घेतलं. एस्प्लनेड भागात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. १८९६ मध्ये एका रात्री कुणीतरी त्याला डांबर फासलं. हे काम चापेकर बंधूंचं, असं पुढे दामोदर चापेकरांच्या आत्मवृत्तातून समोर आलं. संगमरवरात मुरलेला डाग काही केल्या निघेना. शेवटी गज्जरांनी तो रसायनं वापरून काढला. डांबरातून निघणारे रंग शिकवण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली, त्यांच्याकडेच शेवटी डांबराचा डाग आला.

गंमत म्हणजे हा पुतळा मुंबईला भेट दिला होता खंडेराव गायकवाडांनी, म्हणजे सयाजीरावांच्या दत्तक वडिलांनीच. आज तो राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहे.

परत बडोद्याकडे येऊ.

१८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातवर कोसळला. विक्रम संवत १९५६ म्हणून तिकडे त्याला छप्पनियो म्हणतात. १८९१ च्या जनगणनेत बडोदा संस्थानाची लोकसंख्या २४ लाखांवर होती, १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. ज्या काळात माणसं जगवायची पंचाईत, त्या काळात सरकारी शाळेत रंगकाम शिकायला कोण येणार?

डिसेंबर १९०२. अहमदाबादला काँग्रेसचं अधिवेशन होतं आणि त्याला जोडून औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. उद्घाटनाला सयाजीराव. अशा प्रसंगी राजे लोक काय बोलतात हे आपल्याला ठाऊक आहे. आम्ही हे केलं, आम्ही ते केलं, टाळ्या.

सयाजीरावांनी त्या भाषणात आपल्या संस्थानात काय काय फसलं हे सांगितलं. सरकारी गिरणीचा अनुभव सांगितला. गणदेवीचा साखर कारखाना सांगितला. कलाभवन कोणत्या हेतूने काढलं आणि लोकांचा प्रतिसाद किती कमी आला, तेही सांगितलं. आपल्या सरकारी योजनेला लाभार्थी मिळाले नाहीत, हे भर सभेत स्वतःहून सांगणारा सत्ताधारी आज शोधायला गेलं तर किती दिवस लागतील कुणास ठाऊक.

त्यांनी काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा होता. जोवर साधी माणसं लिहायला-वाचायला शिकत नाहीत, स्वतः विचार करत नाहीत, तोवर वरून आणलेली धंदेशिक्षणाची संस्था लोकांमध्ये रुजत नाही.

आणि या निष्कर्षावर ते नुसते बोलून थांबले नाहीत. १८९३ मध्ये अमरेली भागात दहाएक गावांमध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी सुरू केलेला होताच. १९०६ मध्ये कायदा करून तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मुलांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा या वयात शाळेत पाठवणं सक्तीचं झालं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होता.

ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये असंच विधेयक मांडलं, तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्या हाताशी होतं. विधेयक मात्र फेटाळलं गेलं.

सक्तीच्या शिक्षणाची गोष्ट आपण नेहमी ज्ञानप्रसाराची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण तिला एक बाजू कामगाराचीही आहे. नव्या रंगाच्या डब्यावरची सूचना वाचता न येणाऱ्या माणसाला रंगशास्त्राचा कोर्स देऊन फायदा नाही, हे सयाजीराव आपल्या तिजोरीतला पैसा घालवून शिकले होते. मग १९१० नंतर अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांनी गावोगाव वाचनालयांचं जाळं उभारायला घेतलं. पुस्तकांच्या पेट्या गावांमध्ये फिरू लागल्या. शाळा सोडलेला माणूस अक्षरं विसरू नये, ही त्यामागची साधी गरज होती.

मधल्या काळात वारं फिरलं. १९०५ ची बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची लाट आली. देशी कापड, देशी काडेपेटी, देशी साबण. या वस्तू बनवणारी माणसं हवी, तर ती शिकवणाऱ्या जागाही हव्या. कलाभवनाची किंमत आता लोकांना कळायला लागली.

१९०७ मध्ये गज्जर आणि त्यांचे विद्यार्थी कोटीभास्कर व भाईलालभाई अमीन यांच्या प्रयत्नातून बडोद्यात अलेम्बिक केमिकल वर्क्स उभी राहिली. ही कंपनी आजही औषधांच्या धंद्यात आहे. पुढच्याच वर्षी, जुलै १९०८ मध्ये, उद्योगांना भांडवल मिळावं म्हणून सयाजीरावांच्या पुढाकाराने बँक ऑफ बडोदा सुरू झाली. तिची पाटी तर तुमच्या गावातही असेल.

शिकवणारी संस्था, कामावर घेणारा कारखाना आणि कर्ज देणारी बँक. १८९० मध्ये यातली फक्त पहिली गोष्ट होती. उरलेल्या दोन यायला अठरा वर्षं लागली.

कलाभवनात शिकून गेलेल्यांपैकी एकाचं नाव सगळ्या देशाला माहीत आहे, पण वेगळ्याच कारणासाठी. त्र्यंबकेश्वरचा धुंडिराज गोविंद फाळके हा मुलगा इथे शिकला. मे १९१३ मध्ये त्याचा राजा हरिश्चंद्र मुंबईत लागला आणि तो दादासाहेब फाळके झाला. सुतार आणि रंगारी घडवायला काढलेल्या संस्थेतून भारतीय सिनेमाचा जनक बाहेर पडेल, असं योजना आखणाऱ्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

त्याच्या पुढच्याच महिन्यात, ४ जून १९१३ ला, बडोदा सरकारने एका तरुणाशी करार केला. भीमराव रामजी आंबेडकर. बी. ए. होताना त्यांना बडोद्याकडून महिन्याला पंचवीस रुपयांची मदत मिळालेली होती. आता अमेरिकेत शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. अट एकच होती. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची.

हा करार नीट पाहिला तर तो आजच्या कुठल्याही बाँडसारखाच आहे. शिकवण्याचा खर्च सरकारचा, बदल्यात ठराविक वर्षं काम. सयाजीराव आधीपासून हे करत आले होते. खासेराव जाधवांसारख्यांना शेतीशास्त्र शिकायला त्यांनी इंग्लंडला पाठवलं होतं. बाहेरून साहेब आणण्यापेक्षा आपला माणूस तयार करायचा, असा त्यांचा हिशोब होता.

पण आंबेडकरांच्या बाबतीत हिशोब कुठे चुकला, तेही इथेच दिसतं.

१९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनला शिकून ते करारानुसार बडोद्याला हजर झाले. शिक्षण असं की संस्थानात जोड नाही. पण शिपाई फायली दुरून त्यांच्या टेबलावर टाकायचे. राहायला कुणी घर देईना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर तिथेही लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. अखेर बडोदा सोडून ते मुंबईला आले. दहा वर्षांचा करार काही दिवसांतच मोडला.

अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढणारे सयाजीराव. त्या शाळांवर सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात म्हणून मुसलमान शिक्षक नेमणारे सयाजीराव. आणि त्यांच्याच सचिवालयात त्यांनीच शिकवलेल्या माणसाला पाण्याचा ग्लास मिळत नव्हता. राजाने ट्रेनिंगचा खर्च केला, डिग्री मिळाली, नोकरीची ऑर्डर निघाली, पण शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला बदलण्याची स्कीम त्यांच्याकडे नव्हती.

यात महाराजांचा दोष किती, हा प्रश्न विचारला पाहिजे. संस्थानात त्यांचा शब्द शेवटचा होता. एका अधिकाऱ्याला राहायला एक घर देणं त्यांना अशक्य होतं, असं म्हणता येत नाही. कारभार दिवाण आणि खात्यांकडे होता हे खरं, पण तेवढ्याने हा प्रश्न मिटत नाही.

सयाजीरावांनी पुढे १९३६ पर्यंत, म्हणजे राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवापर्यंत आणि त्यानंतरही कारभार केला. महोत्सवाच्या वेळी खेड्यातल्या गरिबांसाठी एक कोटी रुपयांचा निधी वेगळा काढला. ६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यानंतर तीनच वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, बडोद्यातून बाहेर पडावं लागलेला तो तरुण व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाला. डॉ. आंबेडकरांनी त्याच वर्षी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या मागण्यांचं सविस्तर निवेदन दिलं. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. सोबत सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावं, अशीही मागणी होती. म्हणजे शिकवायचं आणि कामावर घ्यायचं, ही दोन्ही कामं सरकारनेच करायची. कामावर घेणाऱ्याला मोकळं सोडलं तर काय होतं, हे त्यांना बडोद्यात समजलं होतं. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली आणि ती आजही चालू आहे.

कलाभवनाचं काय झालं? १९४९ मध्ये बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेत सामील झालं. शाखेच्या पत्त्यात कलाभवन हे नाव अजूनही आहे. प्रवेशासाठी चुरस असते. वर्ग आता इंग्रजीतून चालतात.